मोगरा नंबर दोन

माझी आतेबहीण लग्न होऊन म्हैसूरला गेली त्याला पंचवीस वर्षं झाली. आता मराठी वाक्याच्या शेवटीही कानडी 'अल्वा' ('नाही का?') लावते. घरामागच्या पडवीत तिचा उदबत्तीचा कारखाना आहे. कारखाना म्हणजे आठ बायका, आठ पाट आणि मधे जिगट (चिकटपणासाठीची पूड), कोळशाची पूड, लाकडाचा भुगा यांची मळलेली काळीभोर कणीक. बांबूच्या काडीला गोळा लावून तळहाताने पुढे लोटला की झाली उदबत्ती. मी लोटली, तिची शेवग्याची शेंग झाली.

दिवाळीनंतर जर्मनीतल्या एका दुकानदाराने नमुने मागवले. ताईने धसका घेतला सरकारी कागदांचा, आणि तेच सगळ्यांत सोपे निघाले. आयात-निर्यात कोड ऑनलाइन मिळतो, ५०० रुपयांत. नंबर आपल्या पॅनचाच. (दरवर्षी एप्रिल ते जूनमध्ये, काही बदललं नसलं तरी, तो अद्ययावत करायचा, नाहीतर बंद पडतो. हे घरी येऊन कोणी सांगत नाही.) जीएसटीचं हमीपत्र दिलं की कर न भरता माल बाहेर जातो. उदबत्तीचा एचएस कोड ३३०७४१०० भाचा आता पाढ्यासारखा म्हणतो.

घोडं अडलं पाकिटाच्या मागच्या बाजूला. पुढे सोनेरी मोर, मागे 'शुद्ध सुगंध, मनःशांती'. दुकानदाराला मनःशांती नको होती, लिनालूल किती टक्के ते हवं होतं. युरोपात अत्तरातली ॲलर्जी आणणारी द्रव्यं ठरावीक प्रमाणापुढे गेली की पाकिटावर नावानिशी छापावी लागतात, तीही तिथल्या भाषेत. 'म्हैसूर अगरबत्ती'ला भौगोलिक मानांकन आहे, पण ते या प्रश्नाचं उत्तर देत नाही.

याच म्हैसुरात १९४८ साली एन. रंगाराव यांनी उदबत्तीचा धंदा मांडला. त्यांच्या उदबत्तीचं नाव 'सायकल'. अक्षरओळख नसलेल्यालाही चित्र दाखवून मागता येईल असं. ताईच्या पाकिटावर सासूबाईंचं नाव, पाच जोडाक्षरांचं. तेही बदलावं लागणार. घरात तो विषय अजून कोणी काढलेला नाही.

अत्तर ती वर्षानुवर्षं एकाच व्यापाऱ्याकडून घेते. डब्यावर एवढंच लिहिलेलं: 'मोगरा नं. २'. आत काय, हे तिने कधी विचारलं नव्हतं. पातळ करायला डीईपी हे रसायन घालता का, एवढं विचारल्यावर तो दुखावला. "अक्का, भरवसा नाही?" म्हणाला. शेवटी दुसऱ्या व्यापाऱ्याने सेफ्टी डेटा शीट दिली, सगळ्या घटकांसह. पण त्याचा मोगरा निराळा.

ताईने दोन्ही काड्या पडवीत पेटवल्या. नव्या वासाला आठही बायकांनी नाकं मुरडली. एक म्हणाली, साबणासारखा येतो.

जर्मनीला तोच गेला.