तणाला बुरशी, बुरशीला तेल

अनसिंगच्या शिवारात सोयाबीन वीतभर झालं की निंदणाची घाई सुरू होते. तरोटा तर उपटावा तितका उगवतो! (कोकणातली मुलं त्याला टाकळा म्हणतात आणि त्याची भाजीही खातात.)

या तरोट्याचा एक चुलतभाऊ अमेरिकेतल्या सोयाबीनमध्ये माजतो. पिकांवर रोग पडतो, मग तणावर मुद्दाम का पाडू नये, असं तिथल्या शास्त्रज्ञांना वाटलं. त्यांनी निवडली अल्टरनेरिया कॅसिये ही बुरशी. तिचे बीजाणू पाण्यात कालवून फवारले की तण करपतं.

पण बीजाणू रुजायला पान कितीतरी तास ओलं लागतं. रात्री भरपूर दव पडलं तर ठीक, नाहीतर फवारा सुकतो आणि मेहनत वाया!

रश्श्यावर तर्री असली की आतली वाफ लवकर बाहेर पडत नाही, पाहिलंय ना? १९८०च्या दशकाच्या अखेरीस तसाच प्रयोग झाला. बीजाणूंच्या पाण्याचे बारीक थेंब तेलात कोंडून फवारले. ओल टिकली आणि दव नसतानाही तण करपलं.

आता खरी अडचण ऐका. १९९१ मध्ये इस्राएलच्या शास्त्रज्ञांनी दाखवलं, की तेलाच्या कवचात हीच बुरशी एरवी जिला दाद न देणाऱ्या झाडांवरही चढते. म्हणजे तणासोबत पीकही धोक्यात! शिवाय हे मिश्रण साईसारखं घट्ट. बाबांच्या पाठीवरच्या साध्या पंपातून ते नीट उडणारच नाही.