परदेशातलं पहिलं प्रदर्शन आणि चित्राखालची पाटी



गेली चार वर्षं आम्ही जर्मनीत, डुसेलडॉर्फजवळच्या एका छोट्या गावात राहतो. त्याआधी मी साताऱ्याकडे प्राथमिक शिक्षिका होते. मागच्या हिवाळ्यात इथल्या वाचनालयाने बाहेरदेशांतून आलेल्या रहिवाशांच्या चित्रांचं प्रदर्शन ठेवलं. मीही नाव दिलं. आयुष्यातलं पहिलंच प्रदर्शन! काय मांडायचं हा प्रश्नच पडला नाही. 'आपलं' काहीतरी, म्हणजे वारली. तीन कॅनव्हास गेरूच्या रंगात रंगवले, वर पांढऱ्या रंगाने तारपा नाच, झोपडी, झाडं काढली. खाली पाटी लावली: माझं नाव आणि 'भारतीय चित्रकला'.

पहिल्याच संध्याकाळी सत्तरीच्या एक बाई बराच वेळ चित्रांपुढे उभ्या होत्या. मग विचारलं, "तुमच्या घराच्या भिंतीवर अशी चित्रं असायची का?"

"नाही हो, आमच्या दारात रांगोळी असते."

"मग हे कुठे शिकलात?"

"शाळेत. चित्रकलेच्या वहीत."

बाईंनी २००३ साली डुसेलडॉर्फच्या संग्रहालयात जिव्या सोमा म्हसे यांची चित्रं पाहिली होती. तिथे ती ब्रिटिश कलाकार रिचर्ड लाँग यांच्या कामासोबत मांडली होती. बाईंना ते नाव पाठ होतं. मला, मराठी शिक्षिकेला, घरी येऊन शोधावं लागलं. खरं सांगते, लाज वाटली.

मग वाचायला बसले. लग्नघरात भिंतीवर चौक काढायचा मान सवाशिणींचा. चौकाच्या आत पालघट देवी. रंग तांदळाच्या पिठाचा, कुंचला म्हणजे टोक चावून मऊ केलेली बांबूची काडी. १९७० च्या दशकात ही चित्रं कागदावर आली आणि डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे म्हसे लग्नाची वाट न बघता रोज चित्रं काढू लागले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, २०१८ मध्ये ते गेले. हे सगळं मी मुलांना कधी शिकवलंच नव्हतं. मी शिकवलं काय, तर "दोन त्रिकोण जोडा, डोक्याला गोल काढा, झाला माणूस!"

इथल्या मराठी मैत्रिणी म्हणाल्या, "एवढं काय मनाला लावून घेतेस? सगळं महाराष्ट्राचंच ना!" मला हे पटत नाही. परदेशात आलो की सगळंच आपलं वाटायला लागतं, आणि त्यात प्रेमही असतं. पण ज्या समाजाच्या पाड्यावर आपण कधी पाऊल ठेवलं नाही, ज्याचं नाव गावाकडे असताना क्वचितच घेतलं, त्याची कला परक्या देशात आपल्या नावाने मिरवायची आणि त्याचा उल्लेखही करायचा नाही? वर्गात एखाद्याने दुसऱ्याच्या वहीतलं उतरवून काढलं तर आपण काय म्हणतो?

म्हणून वारली काढूच नये का? तसं मी म्हणणार नाही. आवडीने काढावं, मुलांकडून काढून घ्यावं. पण नाव घेऊन. दुसऱ्या दिवशी मी पाटी बदलली: 'पालघर भागातल्या वारली आदिवासींच्या चित्रपरंपरेवरून. शिकणारी:' आणि पुढे माझं नाव. गंमत म्हणजे त्यानंतर लोक जास्त थांबले, जास्त विचारू लागले.

शिक्षकांना एवढीच विनंती. पुढच्या वेळी भेटकार्डावर वारलीची किनार काढायला सांगाल, तेव्हा आधी पाच मिनिटं नकाशात डहाणू दाखवा. हा चौक कोण काढतं, कधी काढतं ते सांगा. आणि पालकहो, मुलाने चित्र घरी आणलं की "छान!" म्हणून थांबू नका. "हे कोणाकडून शिकलास?" असंही विचारा.

यंदाही प्रदर्शन आहे. या वेळी मी आईची ठिपक्यांची रांगोळी मांडणार आहे. पाटीवर तिचं नाव आधी असेल.