पावसातले भोई

जपानचे चित्रकार हिरोशिगे यांनी १८३३-३४ च्या सुमारास एदो (आजचे टोकियो) ते क्योटो रस्त्यावरच्या मुक्कामांची ५५ छोटी चित्रे केली. लाकडी ठशांनी छापल्यामुळे ती स्वस्तात मिळत. ‘शोनो’च्या चित्रात धो धो पावसात भोई डोली घेऊन चढ चढताहेत. डोलीतला माणूस झाकलेला. दिसतात ते राबणारे खांदे! याच हिरोशिगेंनी १८५६ साली, नागपूरच्या धम्मदीक्षेआधी शंभर वर्षे, बौद्ध प्रव्रज्या घेतली. आपल्या बाबासाहेबांनीही उतारवयात कुंचला हाती धरला होता.

नाक्यावर कामाची वाट पाहणारे आपले मजूर, ६ डिसेंबरला चैत्यभूमीकडे निघालेल्या आपल्या आयाबहिणी कोण रंगवणार? बांधवांनो, पोराने वहीत चित्र काढले तर रागावू नका, रंगपेटी आणून द्या, असे आम्ही कळकळीने सांगतो. जय भीम!