गाडीचा मूळ पाठ

जुनी वस्तू दुरुस्त करताना ती 'मूळ रूपात' आणायची, असे आपण सहज बोलून जातो. हे मूळ रूप नेमके कोणत्या दिवसाचे, हा प्रश्न वर्गात पाठचिकित्सा शिकवताना मला कधी फारसा छळला नव्हता. तो छळू लागला देवळाली प्रवरा येथील आमच्या घरच्या गोठ्यात, एका फियाटपुढे.

गाडी 1968 सालची, फियाट 1100. उसाच्या पैशांतून आजोबांनी घेतलेली, आणि 1994 पासून गोठ्याच्या टोकाला कडब्याच्या पेंढ्यांआड उभी. कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात होणाऱ्या याच गाडीला 1974 साली 'पद्मिनी' हे नाव मिळाले. (साहित्याच्या विद्यार्थ्याला नायिकाभेद आठवावा किंवा चित्तोडची राणी, असे हे नाव, आमची गाडी मात्र त्या बारशाच्या आधीची.) ऑक्टोबर 2023 अखेर मुंबईच्या रस्त्यांवरून पद्मिनी टॅक्सी कायमच्या गेल्या. त्या बातम्या वाचून थोरल्या चुलतभावाने मनावर घेतले आणि पेंढ्या हलवल्या.

इंजिन जाम होते. आमच्या मिस्त्रींनी बॅटरी जोडून सेल्फ मारण्याची घाई केली नाही; केली असती तर पिस्टनच्या रिंगा तुटल्या असत्या. प्लग काढून त्यांनी छिद्रांतून डिझेल आणि ऑइल ओतले, नऊ दिवस वाट पाहिली, मग पुढून हँडल घालून इंजिन किंचित किंचित फिरवले. वायरिंग उंदरांनी खाल्ले होते, ब्रेकच्या सिलिंडरांतले रबरी वायसर दगड झाले होते. इथवर मतभेदाला जागा नव्हती. जे मेले ते बदलायचे.

मतभेद रंगापाशी झाला. गाडीवरचा पांढरा रंग खरवडताना खाली फिकट निळा लागला. "हाच तिचा खरा रंग," दादा म्हणाला, "कंपनीतून आली तशीच करायची." पण निळा रंग होता जेमतेम चार वर्षे. आत्याच्या लग्नाच्या वर्षी गाडी पांढरी झाली आणि पुढे बावीस वर्षे पांढरीच धावली. गावाने पाहिली ती पांढरी. टपावर कॅरिअर आवळून उसाचे बेणे नि कांद्याच्या गोण्या वाहिल्या त्या पांढरीने. मग खरी कोणती?

आमच्या गावाच्या नावात जी प्रवरा आहे, तिच्याच काठी खाली नेवासे आहे. शके 1212 मध्ये तेथे ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. सुमारे तीनशे वर्षांनी, शके 1506 मध्ये, एकनाथांनी अशुद्ध झालेल्या पाठाचे शोधन केले आणि यापुढे त्यात कोणी भर घालू नये असेही बजावले. महाराष्ट्राने पुढे पारायणे केली ती बव्हंशी या शोधित परंपरेच्या पाठाची. 1909 साली राजवाड्यांनी एकनाथपूर्व म्हणून आपली प्रत छापली तेव्हा केवढे वादंग माजले, हे येथील वाचकांना सांगायला नको. राजवाड्यांची प्रत जुनी ठरो वा न ठरो, शतकानुशतके लोकांच्या ओठी असलेला पाठ केवळ 'नंतरचा' म्हणून खोटा ठरत नाही. मला खंत वाटते ती निराळ्या गोष्टीची: एकनाथांनी कोठे काय बदलले, याची नोंद आपल्या हाती नाही.

मोटारींचे हौशी पुनरुद्धारक हीच चूक उत्साहाने करतात. त्यांच्या गाड्या कारखान्यातून निघाल्या त्याहून अधिक चकचकीत होतात आणि मधली पन्नास वर्षे साफ पुसली जातात. याला पुनरुद्धार म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

कायद्यानेही 'मूळ रूप' गृहीत धरले आहे. केंद्र सरकारच्या जुलै 2021 च्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरील वाहनाची 'विंटेज' म्हणून नोंद होऊ शकते, मात्र चासी, बॉडी वा इंजिन यांत मोठा फेरफार झालेला नसावा. अशी गाडी प्रदर्शन, रॅली, संशोधन, इंधन आणि दुरुस्ती एवढ्यासाठीच रस्त्यावर काढायची. रोज वापरायची नाही. म्हणजे पोथी मखरात ठेवायची, वाचायची नाही.

आणि मूळ रूप राखायचे म्हटले तरी पंपावरचे पेट्रोल ते राखू देत नाही. आता त्यात वीस टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. ते जुने रबर फुगवते, ओलावा ओढते, टाकीला गंज आणते. यातले काही इथेनॉल आमच्याच पट्ट्यातल्यासारख्या उसातून निघते. ज्या उसाने गाडी घरात आणली, तोच आता तिच्या नळ्या खातो आहे. मिस्त्रींनी सगळ्या नळ्या नव्या जातीच्या रबराच्या घातल्या. 1968 साली त्या नव्हत्या. घातल्या नसत्या तर गाडी अस्सल राहिली असती, आणि एखाद्या दिवशी पेटली असती.

भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीत संपादकांनी संशयित पाठाखाली नागमोडी रेघ दिली आहे, आणि प्रक्षिप्त मानलेले श्लोक फेकून न देता तळटीपांत व परिशिष्टांत ठेवले आहेत. त्या रेघेइतका प्रामाणिक संपादकीय हावभाव मला दुसरा ठाऊक नाही. गाडीला अशी रेघ कोठे द्यायची?

चालकाच्या पायाखाली सडलेल्या जागी कोणीतरी तेलाच्या डब्याचा पत्रा रिव्हेट मारून बसवलेला आहे. खालून पाहिले तर डब्यावरची अर्धी अक्षरे अजून लागतात. दादाला तो काढायचा होता. त्याचेही खोटे नव्हते, कारण कडेने गंज चढत होता. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही. अखेर मिस्त्रींनी कड कापून नवा पत्रा जोडला आणि मधला तुकडा राखला. रंग पांढराच ठरला. दादाच्या निळ्यासाठी डिकीची आतली बाजू तशीच सोडली.

काय बदलले याची एक वही केली आहे, ती पुढच्या कप्प्यात असते. बहुतेक नोंदी मिस्त्रींच्या हातच्या, तेलकट बोटांचे ठसे उमटलेल्या. वायसर, नळ्या, वायरिंग, पत्रा, तारखांसह. हॉर्नपुढची जागा मात्र कोरी आहे. तो अजून वाजत नाही, आणि जुना दुरुस्त करायचा की नवा बसवायचा यावर आमचे एकमत झालेले नाही.