मागचा कॅमेरा आणि ‘काई होत नाई भाऊ’

परवाच्या शनिवारी अमरावतीला घरी गेलो आणि अख्खी दुपार बाबांच्या गाडीच्या डिकीत डोकं घालून बसलो. हॅचबॅकची डिकी ती केवढी, त्यात माझं आयटीतलं पोट... असो. आधी हकीकत सांगतो, मग भांडतो.

तर झालं असं. फेब्रुवारीत आई-बाबा अकोल्याला ताईकडे निघाले होते. मूर्तिजापूरच्या अलीकडे चहासाठी बाबांनी गाडी कडेला घेऊन उभी केली आणि मागून एक पिकअप येऊन आदळली. पिकअपवाल्याने गाडी मागे घेतली, वळवली अन पसार. आई मागच्या सीटवर होती. मानेला दीड महिना पट्टा. बाबा मात्र पोलिसांसमोर एकदम शांत. म्हणाले, "साहेब, नंबर देतो ना, मांगं कॅमेरा आहे."

कार्ड काढून पाहतात तर मागच्या कॅमेऱ्याची शेवटची फाइल भाऊबीजेनंतरच्या आठव्या दिवसाची. पुढच्या कॅमेऱ्यात चहाची टपरी, एक झोपलेलं कुत्रं आणि धक्क्याने हललेलं चित्र. सगळं कसं स्वच्छ!

कॅमेरा चांगलाच होता. तुटली होती वायर. दिवाळीत मीच तो घेतला आणि एका दुकानात बसवून घेतला. "भाऊ, तुमी चहा प्या, अर्ध्या घंट्यात करून देतो." मी चहा प्यायलो. चूक तिथेच झाली.

हॅचबॅकचा मागचा दरवाजा वर उघडतो. छत आणि दरवाजा यांच्यामध्ये एक रबरी, घड्या पडलेली नळी असते. वायपरच्या, काच गरम करणाऱ्या तारांच्या, दिव्याच्या वायरी कंपनी त्यातूनच नेते, म्हणजे दरवाजा हजारदा उघडला तरी त्या चेपत नाहीत. कॅमेऱ्याची वायरही तिथूनच, थोडी सैल ठेवून न्यायची. पण त्या नळीतून पिन ओढताना बोटं सोलतात आणि वेळ जातो. आमच्या भाऊंनी वायर सरळ दरवाजाच्या काठावरून घेतली आणि वर रबराची पट्टी दाबून दिली. दिसायला झकास! पुढे डिकी आपटली की वायर चेपणार. दिवाळीचं सामान, ताईकडचे डबे, आईच्या वाळवणाच्या पिशव्या. शनिवारी वायर काढली तर त्या जागी ती चपटी झालेली आणि आतलं तांबं उघडं.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. कॅमेऱ्याच्या लाल वायरीसाठी त्यांनी कंपनीची रिव्हर्स लाइटची वायर कापली, पीळ दिला, काळी टेप गुंडाळली. ती लाल वायर असते फक्त रिव्हर्स टाकल्यावर मागचं चित्र स्क्रीनभर दिसावं म्हणून. रेकॉर्डिंगचा तिच्याशी संबंधच नाही, जोडली नाही तरी चालते. करंट घेतला तो थेट बॅटरीचा, चावी काढली तरी चालू राहणारा, आणि मध्ये फ्यूज नाही. आता साधं गणित करा. कॅमेरा पाव अँपिअर ओढत असेल तर दिवसाला 6 अँपिअर-तास. छोट्या गाडीची बॅटरी साधारण 35 ची. बाबांची गाडी कधीकधी चार-चार दिवस उभी असते, म्हणजे 24 गेले. डिसेंबरात गाडी दोनदा धक्का मारून सुरू केली तेव्हा आम्ही थंडीला शिव्या देत होतो!

आता भांडण. ‘काई होत नाई भाऊ’ या वाक्याला आपण वऱ्हाडी लोक दिलदारी समजतो. ज्याचं नुकसान होणार त्याने ते म्हणावं, काम करणाऱ्याने नव्हे. कारागीर म्हणतील, गिऱ्हाईक तीनशेच्या वर द्यायला तयार नसते, दोन घंटे कुठून लावू? हे खरं आहे, आणि इथे मी स्वतःलाच चपराक मारून घेतो. सेन्सर कुठला, रात्री नंबर प्लेट दिसते का, यावर मी दोन आठवडे वाचत बसलो आणि फिटिंगचे पन्नास रुपये कमी करवून घेतले. ऑफिसात दोन ओळींच्या बदलालाही आपण रिव्ह्यू मागतो. टेस्ट चालवली नाही तर टीम लीड कच्चा खातो. आणि आईवडिलांच्या गाडीत कुणीतरी लाइव्ह वायर कापत असताना आपण मोबाइलवर स्क्रोल करत असतो.

बंद पडलेला कॅमेरा नसलेल्या कॅमेऱ्यापेक्षा वाईट. कॅमेरा नसता तर बाबांनी पिकअपच्या नंबरकडे पाहिलं असतं. ते निर्धास्त राहिले, कारण मी त्यांना निर्धास्त केलं होतं.

नंबर नाही म्हणजे काय हेही ऐका. वाहन सापडलं नाही तर त्याच्या विम्यावर दावा लावता येत नाही. 1 एप्रिल 2022 पासूनच्या हिट अँड रन योजनेत मृत्यूला 2 लाख आणि गंभीर दुखापतीला 50 हजार मिळतात. मानेला पट्टा लागलेली आई त्यात बसेलच असं नाही.

आणि हा रस्ता कोणता? 3 ते 7 जून 2022 मध्ये लोणी ते माना 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत केलं म्हणून ज्याची गिनीज बुकात नोंद झाली तो. मलाही अभिमान आहे. पूर्वी इथले खड्डेच स्पीड गव्हर्नर होते. आता गाड्या सुसाट आहेत, म्हणून मागे काय येतंय ते टिपलं जायलाच हवं.

"फुटेज कोर्टात कोण मानते?" असंही एक काका म्हणाले. मानतात, पण नीट ठेवलं तर. जालन्याच्या निवडणूक खटल्यात (खोतकर विरुद्ध गोरंट्याल, 2020) सुप्रीम कोर्टाने सांगितलं की व्हिडिओची कॉपी दिली तर सोबत प्रमाणपत्र हवंच. 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या साक्ष कायद्यातही कलम 63 मध्ये ते आहेच. तेव्हा व्हॉट्सअ‍ॅपवर फिरवत बसू नका. मूळ कार्ड काढून जपून ठेवा, नाहीतर त्यावर नवं रेकॉर्डिंग चढतं.

शनिवारी मी काय केलं? कापलेली वायर सोल्डर केली. कॅमेऱ्याची नवी वायर रबरी नळीतून नेली. करंट फ्यूज बॉक्समधून, चावीबरोबर बंद होणाऱ्या जागेवरून, वेगळा छोटा फ्यूज लावून घेतला. एअरबॅग आणि एबीएसच्या फ्यूजला हात लावला नाही. पार्किंग रेकॉर्डिंग बंदच ठेवलं. मग डिकी वीस वेळा आपटली आणि दर वेळी स्क्रीन पाहिली. पाच तास लागले. तुम्हाला जमत नसेल तर कारागिराला दोन घंट्यांचे पुरते पैसे द्या, शेजारी उभे राहा, आणि चहा दोघांनी मिळून नंतर प्या.

आता दर रविवारी सकाळी बाबा कार्ड काढून पाहतात आणि मला फोन करतात. कालही आला. "दिसते रे बेटा. मांगचं गेट दिसते, अन तुयी आई पट्टा न लावता झाडायला पाणी देऊन राहिली, तेही दिसते."