राजभाषेचा मान आणि लेखकाची मजुरी

भाषा आणि राज्यसंस्था यांच्या संबंधांची चर्चा निघाली की आयर्लंडचा दाखला दोन परस्परविरोधी पक्षांकडून दिला जातो. शासनाने मनावर घेतले तर मरणपंथाला लागलेली भाषाही सावरते, असे एक पक्ष म्हणतो. सक्तीने भाषा जगत नाही, तिच्याविषयी तिटकारा तेवढा निर्माण होतो, असे दुसरा. दोघांनीही एक गोष्ट गृहीत धरलेली असते : आयरिश ही व्यवहाराची भाषा म्हणून तेथील राज्यसंस्थेला खरोखरच हवी होती. तपासणी या गृहीतकाचीच व्हावयास हवी.

१९२२ साली सत्तेवर आलेल्या पिढीतील अनेकांचे राजकीय शिक्षण १८९३ साली स्थापन झालेल्या गेलिक लीगमध्ये झाले होते. १९३७च्या राज्यघटनेच्या आठव्या कलमाने आयरिशला पहिल्या राजभाषेचे स्थान दिले आणि इंग्रजीला दुसऱ्या. शासकीय टिपणे, न्यायनिवाडे, व्यापार हे सारे मात्र मुख्यतः या दुसऱ्या भाषेतच चालू राहिले. मग पुनरुज्जीवनाचा भार वाहायचा कोणी? तो शाळकरी मुलांवर टाकण्यात आला. १९७३पर्यंत आयरिश विषयात नापास होणारा विद्यार्थी अखेरच्या शालान्त परीक्षेतच नापास ठरत असे. सक्तीचे टीकाकार या तपशिलापाशी थांबतात आणि तेथेच त्यांची फसगत होते. आक्षेप सक्तीवर नाही, सक्तीच्या दिशेवर आहे. राज्यसंस्थेने मुलावर सक्ती केली, स्वतःवर केली नाही. गेल्टाख्ट म्हणजे पश्चिम किनाऱ्यावरील आयरिशभाषक प्रदेश. तेथील मुलाने आयरिश बोलावी म्हणून १९३०च्या दशकापासून घरटी मुलामागे वर्षाला दोन पौंडांचे अनुदान मिळू लागले. त्याच मुलाला पोटासाठी पुढे बोस्टनला किंवा इंग्लंडला जावे लागणार होते, आणि त्या वाटेवर कोणती भाषा लागते हे त्याच्या आईबापांना निरीक्षकापेक्षा अधिक कळत होते.

या धोरणामागची वाङ्मयविषयक धारणा तर याहून बोलकी आहे. १९२०च्या दशकाच्या मध्यावर शासनाने 'आन गूम' हे प्रकाशनखाते काढले. वाचनीय पुस्तकांची तूट भरून काढण्यासाठी त्याने इंग्रजी कादंबऱ्यांची भाषांतरे शब्दसंख्येच्या हिशेबाने करून घेतली. 'ड्रॅक्युला' आयरिशमध्ये आले, 'आयव्हॅन्हो' आले. या कादंबऱ्या इंग्रजीत सहज वाचू शकणाऱ्या वाचकांसाठीच हा सारा खटाटोप होता. डोनेगलचा शोसव मॅक ग्रिआना हा त्या पिढीतील अस्सल प्रतिभेचा गद्यलेखक. त्याची उमेदीची वर्षे स्कॉट आणि कॉनरॅड यांच्या भाषांतराच्या मजुरीत गेली. १९३५च्या सुमारास त्याचे स्वतंत्र लेखन आटले. त्याची 'आन द्रुमा मोर' ही कादंबरी १९६९ साली, म्हणजे लिहून झाल्यावर तीन दशकांहून अधिक काळाने, प्रकाशित झाली. साहित्य म्हणजे भाषेच्या कोठारातील साठा, आणि तो पुरवठ्याने वाढतो, अशी ही कोठावळ्याची दृष्टी आहे. भाषांतराला येथे विरोध नाही. परंतु दोन संवेदनविश्वांच्या संघर्षातून घडणारे भाषांतर वेगळे आणि पानांची भरती करणारे वेगळे, हे खात्याच्या जमाखर्चात कोठे नोंदवायचे?

राज्याला हवी असलेली आयरिश भाषा सोज्ज्वळ, श्रद्धाळू, गरीब पण समाधानी अशा शेतकऱ्याच्या तोंडची होती. फ्लॅन ओब्रायनने १९४१ साली 'आन बेअल बोख्त' या कादंबरीत या प्रतिमेची यथेच्छ टिंगल केली, तीही आयरिशमध्येच. मार्टिन ओ काइन त्याच्याही पुढे गेला. कॉनमाराच्या किनाऱ्यावर वाढलेला, राजकीय कारणांवरून शिक्षकाची नोकरी गमावलेला आणि युद्धकाळात याच स्वतंत्र राज्याने स्थानबद्ध केलेला हा लेखक. 'क्रे न किल्ये' (१९४९) या त्याच्या कादंबरीतील सारी पात्रे मेलेली आहेत आणि थडग्यांत पडल्या पडल्या ती एकमेकांची उणीदुणी काढत असतात. असूया, शिवीगाळ, जमिनीचे आणि सोयरिकीचे हिशेब यांनी भरलेली ही भाषा कोणत्याही पाठ्यपुस्तकाला पेलणारी नव्हती. ती काढली एका छोट्या खाजगी प्रकाशनसंस्थेने. तिचे पहिले इंग्रजी भाषांतर २०१५ साली पुस्तकरूपाने आले. मराठी समीक्षेचे 'आयरिश साहित्य' येट्स, सिंज, जॉइस यांच्यापाशी, म्हणजे इंग्रजीपाशीच संपते. तेव्हा ओ काइन तिला ठाऊक नसावा यात नवल नाही. ज्यांना आयर्लंडचा दाखला द्यायचा आहे त्यांनी निदान या अज्ञानाची नोंद घ्यावी.

२००३च्या राजभाषा अधिनियमाने शासनावर काही बंधने आली आणि भाषा आयुक्तपद निर्माण झाले. पहिले आयुक्त शॉन ओ कुराईन यांनी २०१३च्या डिसेंबरात राजीनामा जाहीर केला. आयरिशमधून सेवा देण्यासंबंधीची शासनाची अनास्था हे त्याचे कारण होते. २००७ साली युरोपीय संघाची अधिकृत भाषा झालेल्या आयरिशला ब्रुसेल्समध्ये दुभाषे मिळू लागले. त्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या, शासनानेच करवून घेतलेल्या पाहणीने मात्र गेल्टाख्टमध्ये ती समाजव्यवहाराची भाषा म्हणून पंधरा-वीस वर्षांत संपेल असा इशारा दिला होता. २०२२च्या जनगणनेत १८ लाख ७३ हजारांहून अधिक लोकांनी आयरिश येते असे नोंदविले. शाळेबाहेर ती रोज बोलणारे ७१ हजार ९६८ भरले. पुनरुज्जीवनाचे समर्थक पहिला आकडा मिरवतात. शंभर वर्षांच्या शासकीय प्रयत्नांचा अर्थ या दोन आकड्यांमधल्या दरीत वाचावा लागतो.

या चित्राला छेद देणारे उदाहरण त्या राज्याच्या सीमेबाहेरचे आहे. पश्चिम बेलफास्टमधील शॉज रोडवर मूठभर कुटुंबांनी १९६९ पासून आपली घरे स्वतः उभारली. आयरिश त्यांची मातृभाषा नव्हती. मुलांसाठी त्यांनी ती घरात आणली. १९७१ साली त्यांनी काढलेल्या शाळेला शासकीय मान्यता मिळण्यास १९८४ साल उजाडले. तोवर ती पालकांच्या वर्गणीवर चालली. डब्लिनच्या राज्यकर्त्यांनी २०२१ साली केलेल्या दुरुस्तीनुसार २०३०च्या अखेरीपर्यंत सार्वजनिक सेवेतील नव्या भरतीपैकी २० टक्के कर्मचारी आयरिश जाणणारे असावयाचे आहेत. सक्तीचा रोख मुलाकडून कारकुनाकडे वळवायला या राज्याला ९९ वर्षे लागली.