जोडी एका चालीची हवी
करजणच्या मियागाम स्थानकापासून डभोईपर्यंत 1862 साली खंडेराव महाराजांच्या रुळांवरून डबे धावले ते बैलांच्या बळावर. जोडीतला एक बैल अंग चोरू लागला की दुसऱ्याची मान सुजते, हे शेतकऱ्यास सांगावे लागत नाही. एस्कॉर्ट्सने 1983 पासून काढलेल्या राजदूत 350 या मोटारसायकलीचीही गत तीच. सिलिंडर दोन, कार्ब्युरेटरही दोन. पण मूठ एक. केबल पुढे फुटून दोन्ही स्लाइड उचलते. त्यातली एक केसभर मागे राहिली की इंजिन थरथरते, आणि धनी बिचारा प्लग बदलीत बसतो!

उपाय बिनखर्ची आहे. स्लाइडच्या टेकूचे स्क्रू आधी सारखे करावेत. मग इंजिन बंद ठेवून, हवेच्या नळ्या काढून, दोन्ही तोंडांत एकेक बोट घालावे व मूठ हळूच पिळावी. दोन्ही स्लाइड एकदमच हलल्या पाहिजेत. नाहीतर वरच्या अॅडजस्टरने केबलचा ढिलेपणा सारखा करावा.

जानेवारी 2023 मध्ये लक्ष्मीविलास राजवाड्यात जुन्या वाहनांचा मोठा मेळा भरला होता. अशा मेळ्यांत लोकांची नजर क्रोमच्या झळाळीवरच खिळते. आमची सूचना एवढीच, की पुढच्या वेळी मंडपात एखाद्या वृद्ध मिस्त्रीस बसवून हे काम तरुणांच्या हातून करवून घ्यावे.